आधी स्वतःला टोचली लस

परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते वाल्देमार हाफकिन मूळचे ओडेसाचे. जन्म १८६० चा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत एकाच घरातल्या लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची तुलना करून त्यांनी लशीचा गुण पडताळला.

१८९६ मध्ये मुंबईत गाठीचा प्लेग आला. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत प्लेगचे जंतू वाढवायचे आणि उष्णतेने मारून त्यांची लस करायची, असे काम सुरू झाले. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी तिची पहिली सुईही त्यांनी स्वतःच घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे लस घेतलेल्या कैद्यांमध्ये आजार आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

घात झाला तो १९०२ मध्ये. पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दिवशी १०७ जणांना लस टोचली, त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. वास्तविक दगावलेले सारे जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नव्हते. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले गेले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. लस कितीही शुद्ध असली, तरी सुई टोचेपर्यंतची प्रत्येक पायरी तितकीच स्वच्छ असावी लागते, हा धडा १९ जीव घेऊन मिळाला.

मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले आणि कलकत्त्यात पुन्हा रुजू झाले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांच्या हाती परत आली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले. पाच वर्षांनी लोझानमध्ये त्यांचे निधन झाले.