बाइक उचलणाऱ्या जॅकमागचा माणूस: जोसेफ ब्रामा

जॅकचा दांडा काही वेळा दाबला की जवळपास 200 किलोची बाइक अलगद वर येते. ही ताकद माणसाच्या हाती दिली जोसेफ ब्रामानं.

ब्रामा 1748 साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मला. तरुणपणी पाय अधू झाला, शेती सुटली, मग तो सुतारकाम शिकला. लंडनला जाऊन त्यानं आधी फ्लशचा संडास आणि कुलूप यांची पेटंट घेतली, आणि 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं.

तत्त्व पास्कलचं: बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. मोठ्या पिस्टनचं क्षेत्रफळ छोट्याच्या 20 पट असेल, तर 10 किलोचा जोर 200 किलो उचलतो. बदल्यात छोटा पिस्टन 20 पट अंतर सरकवावा लागतो. म्हणून तर दांडा पुन्हा पुन्हा मारायचा!

खरी डोकेदुखी गळतीची होती. सील घट्ट केलं की पिस्टन अडकायचा, सैल केलं की पाणी गळायचं. दाब वाढला की आपोआप घट्ट बसणाऱ्या चामडी सीलचं श्रेय त्याचा कारागीर हेन्री मॉडस्ले याला दिलं जातं. 1797 मध्ये मॉडस्लेनं पगारवाढ मागितली, ब्रामानं नाकारली. मॉडस्ले बाहेर पडला आणि पुढे स्वतःच नामांकित यंत्रनिर्माता झाला.

1814 मध्ये आपल्याच प्रेसनं झाडं उपटण्याच्या कामावर देखरेख करताना ब्रामाला सर्दी झाली, पुढे न्यूमोनिया. 9 डिसेंबरला तो गेला.

सील आजही झिजतं. लिफ्ट अडॅप्टर इंजिनखाली नको, फ्रेमखाली बसवा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर बाइकखाली हात घालू नका.