गुजराती रयतेचा मराठी राजा आणि बडोद्याचे विद्यापीठ

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे लहान खेडे आहे. तेथील काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळ याला बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखही नव्हती. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले. त्यानंतर खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतले आणि गोपाळचे सयाजीराव झाले. इलियट साहेबांच्या हाताखाली मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. १८८१ च्या डिसेंबरात राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला.

बडोदा कॉलेजची सुरुवातही १८८१ चीच. त्याच्या इमारतीवरचा भव्य घुमट पाहिला की आपल्याकडच्या माणसाला विजापूरचा गोलघुमट आठवल्यावाचून राहत नाही. पुढे अरविंद घोष येथे शिकवीत असत. मात्र परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या, आणि शिकवणे इंग्रजीत.

महाराजांची खरी कसोटी भाषेच्या प्रश्नात होती. राजघराणे मराठी, दरबारातले अनेक मानकरी मराठी, पण रयत बहुतांशी गुजराती. सत्ता हाती असताना आपली भाषा प्रजेवर लादणे काही कठीण नव्हते. सयाजीरावांनी ते केले नाही. राज्याचा कारभार त्यांनी रयतेच्या गुजरातीत आणला आणि मराठी मुलांसाठी मराठी शाळाही चालू ठेवल्या. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले, १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात लागू झाले. सीमाभागात हाती आलेला कानडी उतारा वाचून घेण्यासाठी ज्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागते, त्याला या धोरणाचे मोल वेगळे सांगायला नको.

प्राथमिक शाळेपुरतीच देशी भाषा, असेही त्यांनी मानले नाही. १८९० साली कलाभवन निघाले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम असे विषय तेथे देशी भाषेत शिकवीत. शास्त्रीय पुस्तके गुजराती व मराठीत तयार करवून घेण्याचा उद्योग गज्जरांनी मोठ्या हौसेने मांडला. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९३१ मध्ये राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांतला कोश, सयाजी शासन शब्दकल्पतरू, छापून झाला. लगेच १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. गुजरातीला मान दिल्याने त्यांची मराठी काही कमी झाली नव्हती.

स्वतःचे विद्यापीठ असावे हा विचार बडोद्यात १९०८ पासून होता. १९२६-२७ मध्ये प्रा. विजरी यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही बसला, पण काम तडीस गेले नाही. मधल्या काळात प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले आणि संस्कृत पोथ्यांचे संशोधन व प्रकाशन जोमाने सुरू झाले. वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती पुढे तेथूनच निघाली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज गेले. विद्यापीठ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ते स्थापन झाले ३० एप्रिल १९४९ रोजी, नातू प्रतापसिंहरावांच्या वेळी. आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य संपता संपता विद्यापीठ तेवढे हाती लागले. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. पुढच्याच वर्षी निघालेल्या ललित कला विभागाने तर देशभर नाव काढले, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ पश्चिम भारतातल्या मोठ्या संशोधन केंद्रांत गणले जाऊ लागले.

शिक्षणाचे माध्यम मात्र इंग्रजीच राहिले. निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी येतात, तेव्हा त्यालाही कारण आहे. पण कलाभवन आज याच विद्यापीठाची तंत्रशास्त्र शाखा आहे, आणि जी विद्या तेथे एकेकाळी सुताराच्या, रंगाऱ्याच्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेत मिळत होती, ती आता त्याला इंग्रजीतून शिकावी लागते.