खेड्यांसाठी अंतराळविज्ञान : डॉ. विक्रम साराभाई

भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथील एका उद्योगपती घराण्यात झाला. केंब्रिज येथे पदवी घेतल्यानंतर महायुद्धाच्या काळात त्यांनी बंगळूर येथे सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर संशोधन केले. १९४७ मध्ये अहमदाबादेत त्यांनी भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची स्थापना केली.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून अमेरिकी बनावटीचे पहिले रॉकेट अवकाशात सोडण्यात आले. अन्नधान्याची टंचाई सोसणाऱ्या देशाला हा खर्च परवडेल काय, अशी शंका त्या काळी घेतली जात असे.

या शंकेचे उत्तर दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत मिळू लागले. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली दूरचित्रवाणीवरून ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. परिसरातील ८० खेड्यांत सामुदायिक संच बसवण्यात आले आणि शेतकरी एकत्र बसून बी-बियाण्यांची व खतांची माहिती घेऊ लागले. साराभाई प्रमुख असलेल्या अणुऊर्जा विभागाचा या उपक्रमात सहभाग होता. दिल्लीच्या मनोऱ्यावरून जे ८० खेड्यांना मिळते, ते उपग्रहाद्वारे हजारो खेड्यांना मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. १९६९ मध्ये इस्रोची स्थापना झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या नासा संस्थेशी उपग्रह दूरचित्रवाणीचा करारही झाला.

हे स्वप्न साकार झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे कार्यक्रम पोहोचले.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ हे अवतरणयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. हे नाव साराभाई यांच्या स्मरणार्थ देण्यात आले आहे. यानाने सौरपट्ट्यांच्या ऊर्जेवर चंद्रावरील एक दिवस, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे चौदा दिवस, काम करावे अशी योजना होती, आणि ती सफल झाली. या मोहिमेच्या प्रक्षेपकाचा वरचा टप्पा उरलेले इंधन काढून निर्धोक करण्यात आला होता. तो १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पृथ्वीच्या वातावरणात परतला, त्यामुळे कक्षेत त्याचा कचरा उरला नाही. थुंब्यापासून चंद्रापर्यंतच्या या वाटचालीत, विज्ञान लोकांच्या उपयोगी पडावे हा साराभाई यांनी घालून दिलेला निकष आजही तितकाच मोलाचा आहे.