शिल्पकार कै. नानासाहेब करमरकर

कै. विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागनजीक सासवणे या समुद्रकाठच्या खेड्यात झाला. वडील शेती सांभाळून गणपतीच्या मूर्ती घडवीत. त्यामुळे मातीचा संस्कार हातांस बालपणीच लाभला. भिंतीवर त्यांनी रेखाटलेले शिवरायांचे चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरांच्या दृष्टीस पडले व त्यांच्या साह्याने हा खेड्यातील मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे कलकत्त्यास स्वतंत्र व्यवसाय करून १९२० साली ते अध्ययनार्थ लंडनला गेले.

पुण्याच्या शिवस्मारकाची कोनशिला १९२१ साली बसली. परंतु पुढल्याच वर्षी संकल्पक राजर्षी शाहू महाराज निवर्तले. कालांतराने अश्वारूढ पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले, तेव्हा अवधी अल्प होता. एवढा पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओतून सांधण्याचा प्रघात. करमरकरांनी तो एकसंध ओतविण्याचे धाडस केले. धातूचा रस साच्यात मध्येच अडता, तर सारे श्रम मातीमोल झाले असते. माझगावी ओतकाम तडीस गेले आणि जून १९२८ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले.

एवढी कीर्ती लाभूनही त्यांना जन्मग्रामाचा विसर पडला नाही. गावची माणसे व गुरेढोरे त्यांनी तितक्याच आदराने घडविली. १९६४ साली ते पद्मश्रीने भूषित झाले. १९६७ साली त्यांचे देहावसान झाले. सासवण्याच्या त्यांच्या घरी आता शिल्पसंग्रहालय आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे. हातांच्या विद्येस कमी लेखण्याची वृत्ती तेथे आपोआप गळून पडते.