फॅरेडेच्या बलरेषा

शास्त्रज्ञाने कल्पनेला थारा देऊ नये, हा समज आपल्याकडे अजूनही दृढ आहे. मायकेल फॅरेडेचे चरित्र त्याला छेद देणारे आहे. १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मलेल्या या मुलाचे शालेय शिक्षण लिहिण्यावाचण्यापलीकडे फारसे गेले नाही. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागला, बांधावयास आलेली पुस्तके वाचू लागला आणि १८१३ साली हम्फ्री डेव्हीचा मदतनीस म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शिरला. उच्च गणित त्याला कधीच आले नाही.

ही उणीव त्याच्या पथ्यावर पडली, असे म्हणावयास जागा आहे. दूरच्या वस्तू मधल्या रिकाम्या अवकाशातून परस्परांस ओढतात, असे गृहीत धरून त्या काळचे गणिती समीकरणे मांडीत व तेवढ्यावर समाधान मानीत. फॅरेडेला चित्र हवे होते. चुंबकावर कागद ठेवून लोहकीस भुरभुरविला की जी वक्र रांगोळी उमटते, ती सर्वांनीच पाहिली होती. कीस झटकून टाकल्यावरही त्या रेषा तेथे असतातच, असे मानण्याचे धाडस फॅरेडेने केले.

ही कल्पना स्वैर मात्र नव्हती. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज मिळालीच पाहिजे, या ध्यासापायी त्याने १८२५ व १८२८ साली केलेले प्रयोग फसले होते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावरील दोन वेटोळ्यांपैकी एकात प्रवाह सुरू करताना व तोडताना, केवळ त्या क्षणापुरती, दुसऱ्याशी जोडलेल्या तारेजवळची चुंबकसूची हलली. बलरेषा तारेला छेदतात तेव्हाच वीज निर्माण होते, असा अर्थ त्याने पुढे लावला. आजची जनित्रे याच तत्त्वावर चालतात.

गुरुत्वाकर्षणाचेही विजेशी नाते असले पाहिजे, असे त्याला वाटे. १८४९ साली त्याने वेटोळी उंचावरून खाली सोडून पाहिली. हाती काही लागले नाही. तसे त्याने जाहीरपणे नोंदविले, पण कल्पना सोडली नाही. असा प्रामाणिकपणा यशस्वी शोधांहूनही विरळा.

इंग्लंडचा राजखगोलज्ञ एअरी याने १८५५ साली बलरेषा धुडकावून लावल्या. गणिती आकर्षणाचा नियम हाताशी असता त्या धूसर रेषा कशाला हव्यात, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी केंब्रिजमधील चोवीस वर्षांचा मॅक्सवेल त्या रेषांना गणिताचा पेहराव चढवू लागला. पुढे त्याच्या समीकरणांतून विद्युत्चुंबकीय लहरींचे भाकीत निघाले आणि हर्ट्झने १८८८ च्या सुमारास त्या प्रयोगाने सिद्ध केल्या. फॅरेडे १८६७ सालीच वारला होता.