दोन्ही बाजू लिहिणारा माणूस

बँकेत असताना काही वर्षे मी तपासणी विभागात होतो. आज या शाखेत, उद्या त्या. खातेवह्या उघडायच्या आणि जे दिसेल ते अहवालात लिहायचे, एवढेच काम. एकदा मात्र अहवालातले एक वाक्य मी मऊ केले. ज्यांच्यावर ते शेकणार होते, त्यांच्याच हाती माझी बढती होती. पुढे निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहिल्या, ते वाक्य विसरलोही. परवा अल बेरुनी पुन्हा वाचायला घेतला आणि ते आठवले.

अल बेरुनीचा जन्म ९७३ सालचा. अमुदर्या नदीकाठचे ख्वारिज्म, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातला भाग, हा त्याचा प्रांत आणि कथ हे शहर. शहराबाहेरच्या वस्तीत जन्मला म्हणून बेरुनी. फारसीत बेरून म्हणजे बाहेर. अबू नस्र मन्सूर या राजघराण्यातल्या गणितज्ञाने त्याला शिकवले. ९९५ मध्ये तिथली सत्ता उलथली आणि ऐन बाविशीत त्याला परागंदा व्हावे लागले. पण आकाश कुठूनही दिसते. ९९७ मध्ये कथहून त्याने आणि बगदादहून अबुल वफा याने एकच चंद्रग्रहण पाहिले आणि वेळेच्या फरकावरून दोन्ही शहरांच्या रेखांशांतले अंतर काढले. तिशीच्या आत त्याने निरनिराळ्या लोकांच्या कालगणना आणि सणवार यांवर मोठा ग्रंथ लिहिला. वयाने लहान असलेल्या इब्न सीनाशी ॲरिस्टॉटलच्या मतांवरून पत्रांतून कडाक्याचा वादही घातला.

१०१७ मध्ये गझनीच्या महमूदाने ख्वारिज्म जिंकले. चव्वेचाळीस वर्षांचा बेरुनी गझनीला गेला. गेला म्हणण्यापेक्षा नेला गेला. दुसऱ्या वर्षी तो काबूलजवळच्या एका खेड्यात होता. सूर्याची उंची मोजायची होती आणि जवळ उपकरण नव्हते. मग हिशेबाच्या फळीच्या पाठीवर अंशांच्या खुणा करून त्याने काम भागवले.

याच महमूदाच्या स्वाऱ्या भारतावर होत होत्या. १०२६ मध्ये सोमनाथ लुटले गेले. इतर लोक तिथून काय आणता येईल ते पाहत होते. बेरुनी संस्कृत शिकत होता. चाळिशी उलटल्यावर नवी भाषा, तीही जेत्यांच्या माणसाने जितांकडून शिकायची! पंडित जवळ करीत नसत, पोथ्या मिळत नसत. तरी त्याने सांख्य आणि पातंजल योगावरचे ग्रंथ अरबीत आणले. उलट दिशेने युक्लिडची भूमिती संस्कृत श्लोकांत उतरवण्याचाही त्याने उद्योग केला.

पंजाबातल्या नंदना किल्ल्यावर (आज पाकिस्तानात) त्याने पृथ्वी मोजली. आधी डोंगराची उंची काढली, मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन घेतला. एवढ्या दोन मापांवरून पृथ्वीची त्रिज्या गणिताने निघते. त्याचे उत्तर आजच्या ६३७१ किलोमीटरपासून फार दूर नव्हते.

भारतावरचा त्याचा ऐंशी प्रकरणांचा ग्रंथ १०३० मध्ये पुरा झाला. महमूद त्याच वर्षी वारला होता, पण गादी त्याच्याच मुलांकडे होती. त्यांच्या राजधानीत बसून बेरुनीने लिहिले की महमूदाने या देशाची भरभराट धुळीला मिळवली, लोक दाही दिशांना पांगवले, त्यांच्या मनात परक्यांविषयी कायमचा द्वेष पेरला, आणि म्हणून विद्या काश्मीर, वाराणसीसारख्या दूरच्या ठिकाणी निघून गेल्या. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या नावे टाकलेली ही नोंद आहे.

पण वहीची दुसरी बाजूही त्याने कोरी ठेवली नाही. भारतीय पंडित आपल्याखेरीज कोणाला विद्या आहे हे मानीत नाहीत, आहे ते ज्ञान देताना हात आखडतात, त्यांचे पूर्वज असे कोते नव्हते, हेही त्याने लिहिले. ब्रह्मगुप्ताविषयी त्याला मोठा आदर. पण ग्रहणाचे खरे कारण ठाऊक असूनही त्याने राहूच्या कथेपुढे मान तुकवली, हे सांगायला तो कचरला नाही. मूर्तिपूजेबद्दल लिहिताना तो म्हणतो की डोळ्यांना दिसेल अशा वस्तूची ओढ सगळ्याच धर्मांतल्या सामान्य माणसांना असते, आपल्यातल्याही. रागावणारे दोन्हीकडे असणार, हे त्याला कळत नव्हते थोडेच!

मराठी माणसाला सुखावणारी एक नोंदही त्यात आहे. धारहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटा सांगताना मऱ्हाटा देश येतो, पुढे कोकण आणि त्याची समुद्रकाठची राजधानी ठाणे. इथवर तो स्वतः आला नव्हता. ऐकून, विचारून त्याने अंतरे टिपली.

पुढे मसूद सुलतानाला त्याने खगोलाचा महाग्रंथ अर्पण केला. त्याबद्दल हत्तीभर चांदी आली आणि त्याने ती परत पाठवली, अशी कथा आहे. चांदीच्या गोष्टीवर बँकवाल्याने एकदम विश्वास ठेवू नये. ग्रंथ मात्र शिल्लक आहे. सोनेतारणाच्या दिवसांत आमचा सोनार कसोटीवर दागिना घासायचा. बेरुनीने धातू आणि रत्ने पाण्याने भरलेल्या भांड्यात टाकून, सांडलेले पाणी तोलून त्यांची घनता काढली होती. त्याने लिहिलेली दीडशेच्या आसपास पुस्तके मोजली गेली आहेत. बहुतेक काळाने गिळली.

१०५० च्या सुमारास गझनीतच तो वारला. शेवटच्या घटकेची एक हकीकत जुन्या चरित्रकाराने दिली आहे. एक कायदेपंडित भेटायला आला. बेरुनीला धाप लागली होती. तशात त्याने वारसाहक्कातल्या वाटणीचा एक जुना, अर्धवट राहिलेला प्रश्न काढला. पाहुणा चकित झाला. अशा अवस्थेत हे कशाला, त्याला वाटले. न समजता जाण्यापेक्षा समजून गेलेले बरे, असे बेरुनीचे म्हणणे पडले. पाहुण्याने उत्तर समजावले, बेरुनीने ते म्हणून दाखवले. पाहुणा रस्त्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच घरातून रडण्याचा आवाज आला.

मयत खातेदारांच्या वारसांचे दावे मी पुष्कळ पाहिले. वाटणीत आपल्याला काय मिळणार, हेच प्रत्येक जण विचारी. नुसता हिशेब बरोबर आहे ना, एवढेच विचारणारा मला कोणी भेटला नाही. आणि माझ्या त्या मऊ केलेल्या वाक्याचे म्हणाल, तर तो अहवाल केव्हाच रद्दीत गेला असेल. मूळ वाक्य काय होते, ते मात्र मला अजून शब्दशः पाठ आहे.