पंडिता रमाबाई आणि त्यांची श्रद्धा

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही अशी भगिनी आपल्या मंडळात नसेल. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असे, आणि पुष्कळजणींनी केडगावचे मुक्तिसदन डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांची विद्वत्ता, विधवांसाठी त्यांनी घेतलेले कष्ट, यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु ज्या श्रद्धेपायी त्यांना आपल्याच गावाने दूर लोटले, ती त्यांनी कशी सांभाळली, हे जरा निवांतपणे पाहण्यासारखे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वैदिक पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष पत्करला, पण माघार घेतली नाही. मुलीच्या अंगी जो हट्ट दिसतो त्याचे मूळ येथेच असावे, असे मला वाटते. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडे. दुष्काळ आला तेव्हा हाताशी असलेले सारे दानधर्मात आणि व्रतांत गेले. उपासतापास झाले, अनुष्ठाने झाली. तरी आईवडील आणि थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. उरली ती दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास. देशभर पायपीट करून १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मान मिळाला तो असा, पण मनातली जुनी श्रद्धा मात्र तोवर वाटेतच कोठेतरी गळून पडली होती.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. सिल्चरच्या घरात पुस्तके चाळताना लूकचे शुभवर्तमान बंगालीत हाती लागले, ते त्यांना आवडले. पतिराजांना मात्र ते रुचले नाही. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, अशी ही बाई पुण्यास आली.

पुण्याने तेव्हा त्यांचे कौतुक केले. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. पुढल्या वर्षी वैद्यकी शिकावी म्हणून त्या विलायतेस गेल्या व वाँटेजच्या मठात उतरल्या. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले आणि वैद्यकी राहून गेली. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच जिवाचे बरेवाईट करून घेतले. परक्या मुलखात हा केवढा घाला! त्याच काळात मठातल्या भगिनींनी चालवलेले पतित स्त्रियांचे घर रमाबाईंनी पाहिले. ज्यांना आपल्याकडे दाराशी उभे करीत नाहीत त्यांची सेवा या बायका कशासाठी करतात, या प्रश्नाने त्यांना ख्रिस्तापाशी नेले. आपल्याच मुलखातले नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर गोऱ्हे, यांच्या लिखाणाचाही त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे कहाणी सोपी व्हावी, पण तसे झाले नाही. मठातल्या भगिनींची अपेक्षा होती की ही नवी ख्रिस्ती बाई सांगितले ते मुकाट्याने मानील. रमाबाईंनी सारे शास्त्र पुन्हा तपासायला घेतले. त्रैक्याविषयी शंका विचारल्या, गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारले. मांसाहार त्यांनी केला नाही, पेहेरावही हिंदी ठेवला. तिकडे त्यांना गर्विष्ठ म्हटले गेले आणि इकडे धर्मबुडवी! माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी हीच होती. शिव्या देणाऱ्यापुढे ताठ राहणे सोपे असते. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्यापुढे नम्रपणे नाही म्हणणे फार अवघड.

अमेरिकेत मदत गोळा करून त्या १८८९ च्या आरंभी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पंचहौदाच्या मिशनात चहा घेतल्यावरून गाव पेटले ते याच १८९० सालात, हे ध्यानात घ्यावे. मिशनातल्या एका पेल्यावरून जेथे एवढे वादळ उठले, तेथे एक ख्रिस्ती बाई ब्राह्मण विधवांना घरात ठेवून घेणार होती! सदनात कोणावर धर्म लादायचा नाही असा करार होता. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. याच सदनातल्या गोदूबाईंचा १८९३ साली प्रो. कर्व्यांशी पुनर्विवाह झाला.

रमाबाई मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. बातमी बाहेर गेली, ‘केसरी’तून टीकेची झोड उठली, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही सदनापासून दूर झाले. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या.

टीकाकारांचे सारेच खोटे होते असे मी म्हणणार नाही. आईबापांनी लेक शिकायला पाठवली, धर्म बदलायला नव्हे; आणि पुढे सदनातल्या काहीजणींनी बाप्तिस्मा घेतला हेही खरे. आपली पोर असती तर आपणही घाबरलो असतो. पण रमाबाईंच्या बाजूने पाहावे, तर आपल्याच घरात देवाचे नाव दार लावून चोरून घ्यायचे काय? दार लावले असते तर सदन वाचले असते, सल्लागार राहिले असते. त्यांनी ते लावले नाही. मुलींना आत ओढलेही नाही आणि हाकललेही नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. स्वतःच्या आईची उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. इतक्यात पुण्यात प्लेग आला आणि मुलींना केडगावच्या माळावर हलवावे लागले. प्लेगच्या इस्पितळात बायकांचे हाल होतात असे त्यांनी वृत्तपत्रात उघड लिहिले. सरकारला ते झोंबले. ख्रिस्ती झाली म्हणजे साहेबाची झाली, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

केडगावी आधी जमीन होती, सावली नव्हती. विहिरी खणल्या, झाडे लावली, घरे बांधली. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार माणसे झाली. शेती, विणकाम, छापखाना सारे बायकाच चालवीत. आंधळ्यांची सोय होती, आणि विलायतेत पाहिलेले ते घर विसरले नव्हते. पतित स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले.

उतारवयात रमाबाईंनी बायबलचे भाषांतर हाती घेतले. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. कान गेलेले, शरीर थकलेले, तरी हे काम वर्षानुवर्षे चालले. सारा भार पुढे जिच्यावर टाकायचा ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली. आईबाप, बहीण, भाऊ, पती, आणि शेवटी हे एकुलते एक लेकरू. भाषांतर थांबले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मुक्तिसदनातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले, पाने छापली, आणि १९२४ साली तो ग्रंथ बाहेर आला.